जाळ्याचे शिसे आणि शाळेतील मूल

यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. परंतु त्यानंतरचे दिवस कोळ्याच्या घरी विश्रांतीचे नसतात. फाटलेली जाळी विणावयाची, कुजलेले दोर बदलावयाचे आणि जाळ्याच्या खालच्या दोरास लावावयाची शिशाची वजने नव्याने ओतावयाची, ही कामे याच दिवसांत उरकून घ्यावी लागतात. आपल्या शाळाही जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे ज्या आठवड्यांत पहिलीचे मूल प्रथमच शाळेत येऊन बसते, त्याच आठवड्यांत पुष्कळ घरच्या पडवीत शिसे वितळत असते. किनाऱ्यावरील व खाडीकाठच्या शाळांतील शिक्षकांनी या योगायोगाकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू, कारण ज्यास कामाची माहिती नाही त्याचा सल्ला कोळ्याच्या घरी कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नयेही. शिसे बहुधा भंगारवाल्याकडून येते. त्यात जुन्या नळाचे तुकडे असतात, तारांवरील आवरण असते, मोटारीच्या चाकांस तोल साधण्यासाठी लावलेली लहान वजने असतात आणि जुन्या जाळ्यांतून काढलेल्या गोळ्याही असतात. एखादी जुनी लोखंडी कढई किंवा लांब दांड्याची पळी विस्तवावर ठेवतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्यास १०८५ अंश लागतात, लोखंडास १५३८. त्यामुळे ज्या घरी लोहाराचा भाता नाही, त्या घरीही साध्या चुलीवर हा धातू पाण्यासारखा होतो. तो साच्यात ओततात. साचा कोठे भाजलेल्या मातीचा, कोठे लाकडाचा, कोठे दोन पाखांचा लोखंडी असतो. मध्ये एक काडी किंवा तार राहते, म्हणजे दोर ओवावयास भोक तयार मिळते. निवालेली वजने बाहेर काढून त्यांच्या कडेला आलेले पातळ फाटे चाकूने छाटतात किंवा कानशीने घासतात, आणि मग ती दोरात ओवतात.

या कामात सारे कुटुंब असते. वडील वितळवितात व ओततात, आई आणि आजी दोर लावतात, आणि मुलांच्या वाट्यास येते ती मोजणी, कडा घासणे, खाली सांडलेले थेंब वेचणे. ज्या घरी पाग आहे, त्या घरी एका पागास शेकड्याने गोळ्या लागतात, आणि त्या सारख्या वजनाच्या नसतील तर फेकलेला पाग गोल उघडत नाही. दहा वर्षांचे मूल तळहातावर दोन गोळ्या तोलून हलकी कोणती व जड कोणती हे सांगू शकते. अशा मुलास वजनांचा पाठ शिकविताना आपण पुस्तकातील चित्र दाखवितो, याचे हसू यावे अशी स्थिती आहे! बुनियादी शिक्षणाच्या काळात उद्योगाशी अनुबंध साधण्याविषयी जे पुष्कळ बोलले गेले, ते येथे आयतेच घडत असते.

वजनासाठी शिसेच का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. याचे उत्तर गणितात आहे. शिसे पाण्याच्या सुमारे ११.३ पट जड असते. १०० ग्रॅम शिसे केवळ ९ घन सेंटिमीटर जागा व्यापते, म्हणून पाण्यात बुडविल्यावर त्याचे ९ ग्रॅम वजन कमी भासते आणि ९१ ग्रॅम उरते. आपला काळा दगड पाण्याच्या सुमारे २.९ पट जड. त्याचे १०० ग्रॅम पाण्यात ६६ ग्रॅमच भरतात. भाजलेल्या मातीचे, ती पाण्याच्या दुप्पट जड धरली तर, ५० भरतात. १०० ग्रॅम शिशाइतका ओढा पाण्यात हवा असेल, तर काळा दगड सुमारे १४० ग्रॅम आणि भाजलेली माती सुमारे १८० ग्रॅम घ्यावी लागेल, आणि आकारमान अनुक्रमे पाचपट व दहापट होईल. शिशाची गोळी लहान राहते, खडकात कमी अडकते, खाऱ्या पाण्यात लोखंडासारखी गंजून झडत नाही, आणि पाग मासा निसटण्यापूर्वी तळास टेकतो. कोळ्याने शिसे अज्ञानाने निवडलेले नाही. हे मान्य केल्यावाचून पुढचे बोलणे फुकट जाईल.

आता या धातूची दुसरी बाजू. वितळलेल्या शिशावर क्षणभर चांदीसारखी चकाकी येते आणि लगेच करड्या रंगाची साय धरते. ती साय म्हणजे शिशाची भुकटी. ती पळीने बाजूस काढून अंगणातच टाकण्याची वहिवाट आहे. शिसे नुकतेच वितळले असता त्याची वाफ फारशी निघत नाही, परंतु सुमारे ५०० अंशांपुढे ती झपाट्याने वाढते. लाकडाच्या निखाऱ्यांची उष्णता याहून पुष्कळ अधिक असते, आणि कढई लाल होईपर्यंत तापविली म्हणजे काम चांगले होते असा समज सर्वत्र आढळतो. ही वाफ डोळ्यांस क्वचितच दिसते. लोक लाकडाच्या धुरास जपतात, कारण तो डोळ्यांत जातो. शिशाच्या वाफेस कोणी जपत नाही. ती हवेत निवते आणि अतिशय बारीक धूळ होऊन भिंतीवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या भातावर आणि जमिनीवर बसते. कानशीने घासताना पडणारी धूळ निराळीच.

पावसाळा येथे दुहेरी वैर करतो. एक तर बाहेर पाऊस म्हणून काम पडवीत किंवा स्वयंपाकघरात येते आणि दारे लावून घेतली जातात. दुसरे असे की साचा, वाळू, भंगार, सारेच दमट असते. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला, तर त्याची क्षणात वाफ होते, ती सोळाशेपटीहून अधिक जागा मागते, आणि तापलेले शिसे चोहोकडे उडते. चेहरा व डोळे भाजण्याचे प्रकार यातूनच होतात. हा धोका कोळ्यास ठाऊक असतो, कारण तो तत्काळ दिसतो. धुळीचा धोका ठाऊक नसतो, कारण तो वर्षांनी दिसतो, आणि तोही दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात.

ते शरीर बहुधा लहान मुलाचे असते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल जमिनीवर खेळते, बोटे तोंडात घालते, आणि त्याचा मेंदू अद्याप घडत असतो. शरीर शिशास कॅल्शियमच समजून हाडांत साठविते, आणि तेथे ते दशकानुदशके राहते. पुढे गर्भारपणी आईच्या हाडांतून कॅल्शियम बाहेर पडू लागले की त्याबरोबर हे जुने शिसेही बाहेर येते आणि गर्भापर्यंत पोहोचते. म्हणजे आज वजने घासणाऱ्या मुलीचा प्रश्न केवळ तिच्यापुरता नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे आज कोणीही सांगत नाही. थोड्या प्रमाणातही ते मुलाची एकाग्रता, स्मरण आणि शिकण्याची शक्ती कमी करते, आणि मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. २०२० साली युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंता वाटावी इतके असल्याचा अंदाज दिला होता, आणि त्यांतील २७ कोटींहून अधिक मुले भारतातील होती. यांत मासेमारीच्या वजनांचा वाटा लहान आहे. जुन्या बॅटऱ्या, रंग, भेसळीचे मसाले, भांडी, अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या घरी शिसे वितळते, त्या घरच्या मुलास तो लहान वाटा पूर्णांशाने मिळतो.

हे आपल्याच किनाऱ्याचे दुखणे आहे असे नाही. जेथे जाळे आहे तेथे शिसे आहे. प्रशांत महासागरातील मायक्रोनेशिया देशाच्या चुक या राज्यात मुलांच्या रक्तातील शिशाचा शोध घेण्यात आला, तेव्हा कुटुंबातील कोणी मासेमारीसाठी शिशाची वजने ओतत असणे हे एक ठळक कारण निघाले. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगलची राजधानी डाकार हिच्याजवळ, तियारॉय-सुर-मेर नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तेथील कारागीर वर्षानुवर्षे मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिशाची जाळ्यांसाठी वजने करीत. वस्तीतील वाळूत शिशाची भुकटी मिसळत गेली. पुढे शिशास भाव आला, तेव्हा बायका ती वाळू घरी नेऊन चाळू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत त्या वस्तीतील १८ मुले दगावली. आरंभी मरणाचे कारण कोणास उमगत नव्हते.

या घटनेतून आपण मुख्यतः बॅटरीविषयीचा धडा घ्यावा. नळाचे किंवा जुन्या जाळ्याचे शिसे वितळविणे आणि बॅटरी फोडणे यांत फार मोठे अंतर आहे. बॅटरीत गंधकाचे तीव्र आम्ल असते, आणि तिच्या पट्ट्यांवरील लेप हा मुळातच शिशाच्या संयुगांची भुकटी असतो. तो फोडताना उडतो, धुताना मातीत मुरतो आणि तापविताना हवेत जातो. घरी बॅटरी फोडणे हे कोणत्याही सावधगिरीने निर्धोक होत नाही. तेव्हा त्याविषयी तडजोडीची भाषा नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांवर नोंदणीकृत कारखान्यांतून प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदारास परत दिल्यास तिचे पैसेही वळते होतात. पालकांस हे सांगावे.

शिक्षकाचा खरा संबंध येतो तो वर्गात. शिसे पोटात गेलेले मूल आजारी दिसेलच असे नाही. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. कोणास वारंवार पोटात कळ येते, बद्धकोष्ठ होते, भूक मंदावते, अंग फिकट पडते. कोणी चिडखोर होते, एका जागी बसत नाही, शिकविलेले आठवत नाही, हाक मारली तर उशिरा वळून पाहते. अशा मुलास वर्गात लवकरच एक नाव पडते. ठोंब्या, दगड, उनाड, ही नावे देण्यात आपण शिक्षकही मागे नसतो, हे येथे मोकळेपणाने लिहिलेले बरे. याचा अर्थ मागे पडणारे प्रत्येक मूल शिशाने बाधलेले आहे असा मुळीच नाही. भूक, अशक्तता, अधू दृष्टी, घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर, अशी कारणे कितीतरी अधिक वेळा असतात. शिक्षकाने निदान करू नये. त्याने फक्त एक प्रश्न आपल्या नेहमीच्या प्रश्नांत वाढवावा: या मुलाच्या घरी शिसे वितळते काय? उत्तर होकारार्थी असेल आणि वरील लक्षणांपैकी काही दिसत असतील, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास ही गोष्ट मुद्दाम सांगावी. शिशाचे निदान रक्ततपासणीनेच होते. परंतु घरी काय काम चालते हे डॉक्टरांस कोणी सांगितले नाही, तर ती तपासणी करण्याचा विचारच निघत नाही, आणि पोटदुखीवर जंताचे औषध मिळून प्रकरण मिटते.

आहाराचा येथे थोडा उपयोग आहे. रिकाम्या पोटी शिसे अधिक शोषले जाते. ज्याच्या शरीरात लोह व कॅल्शियम कमी, त्याच्यातही अधिक. तेव्हा शालेय पोषण आहार कोणी टाळीत असेल तर त्याची चौकशी करावी, लोहाच्या गोळ्या नियमित दिल्या जातात ना हे पाहावे, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी बारीक मासळी घरी आहेच, ती मुलांच्या ताटात पडावी असे सुचवावे. मात्र हा उपचार नव्हे. शिशापासून दूर ठेवणे हाच उपाय.

घरी काय सांगावे? काम बंद करा, असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. शिशाची तयार वजने बाजारात मिळतात. ती परवडत असतील तर उत्तम. ज्या जाळ्यास मोठे आकारमान चालते, त्यास दगड, सिमेंट किंवा भाजलेल्या मातीची वजने लावता येतात. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत भाजलेल्या मातीची जाळ्यांची वजने सापडली आहेत, म्हणजे ही युक्ती आपल्या देशात चार हजार वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये तर नदीतळ्यांतील हंस ही लहान वजने गिळून मरू लागल्यामुळे १९८७ पासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, आणि तेथील लोक मासे पकडावयाचे थांबलेले नाहीत. तरी पागास शिसेच हवे असा आग्रह राहील, आणि तो समजण्यासारखा आहे. मग काम पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून उरकावे. साचा उन्हात कडकडीत वाळवावा. कढई लाल होऊ देऊ नये. शिसे वाहू लागले की पुरे. स्वयंपाकाची चूल व भांडे यासाठी घेऊ नये, आणि या कामाची कढई पुन्हा कधीही घरात नेऊ नये. जवळ लहान मूल व गरोदर बाई नसावी. वरची साय झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी; विहिरीजवळ, परसात किंवा खाडीत टाकू नये. जमीन कोरडी झाडू नये, कारण झाडूने धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसावी व ते फडके वेगळे ठेवावे. काम करणाऱ्याने कपडे बदलून, साबणाने हात व तोंड धुऊन मगच मुलास उचलून घ्यावे. गळाची लहान गोळी दातांनी दाबून दोऱ्यावर बसविण्याची सवय थोरांनी प्रथम सोडावी, कारण मुले तेच पाहतात. आणि मुलांस कामात घ्यावयाचेच असेल तर घासण्याऐवजी जाळे विणण्यास बसवावे. हाताची बोटे तेथे अधिक शिकतात.

हे सारे एका सभेत सांगितले तर काही लक्षात राहत नाही. मुलांच्या आज्या व आया यांच्याशी बोलणे अधिक उपयोगी पडते, कारण घर झाडणारी व मुलास भरविणारी तीच असते. गावात एखाद्या वडीलधाऱ्या कोळ्याने आपली ओतण्याची जागा घरापासून दूर नेली, तर दुसऱ्या वर्षी चार घरे त्याचे पाहून तसे करतात. शिक्षकाचे दहा पाठ तेथे कमी पडतात.

शाळेत मात्र शिसे वितळवून दाखवू नये. प्रयोग म्हणूनही नको, आणि हौशी पालकाने स्वतः करून दाखवितो म्हटले तरी नको. ओतकामाचा पाठ मेणाने उत्तम होतो. मेणबत्तीचे तुकडे वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात शिक्षकाने स्वतः धरावी. मातीच्या दोन पाखांच्या साच्यात काडी ठेवून मेण ओतावे. निवल्यावर वर खळगा पडतो, तो का पडला हे मुलांस विचारावे. मेण थिजताना आकसते, हे शिशालाही लागू आहे, आणि घरी ओतताना पाहिलेले मूल बहुधा उत्तर देईल. भाजलेल्या मातीची वजने हा कार्यानुभवाचा चांगला विषय आहे. बोरूवर माती गुंडाळून, सावलीत आठवडाभर वाळवून, गावच्या कुंभाराच्या भट्टीत ती भाजून आणावी. मग ताणकाट्याने प्रत्येक वजन हवेत व बादलीतील पाण्यात तोलावे. काळा दगड, जांभ्याचा तुकडा, लोखंडी खिळा यांचेही तसेच करावे आणि कोष्टक फळ्यावर मांडावे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाण्यात ठेवताच त्यातून बुडबुडे निघतात व त्याचे वजन हळूहळू बदलते. मुलांस याची मोठी गंमत वाटते, आणि पुढचा अर्धा तास मुले आपसूकच प्रश्न विचारतात.

एक प्रश्न हमखास येईल. शिसपेन्सिल तोंडात घातली तर विष भिनते काय? शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचा एक प्रकार आणि चिकणमाती असते. पूर्वी ग्रॅफाइटला शिशाचाच प्रकार समजत, म्हणून ते नाव चिकटले ते चिकटलेच. पेन्सिल चघळू नये हे खरे, पण त्याचे कारण निराळे आहे.

ज्या शाळांच्या हद्दीत कोळीवाडे आहेत, त्यांनी या विषयावरील पालकभेटी एप्रिलअखेर, उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी कराव्यात. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बहुतेक घरी ओतण्याचे काम सुरू झालेले असते. भेटीस जाताना मुलांनी भाजलेली मातीची दोनचार वजने व वर सांगितलेले कोष्टक बरोबर न्यावे. कोळी ते वजन हातात घेऊन प्रथम हलके म्हणेल, मग कोणत्या जाळ्यास चालेल ते स्वतःच सांगू लागेल. ते जाळ्याच्या नावानिशी लिहून घ्यावे.